माझी क्रमाक्रमाने अधोगती

इतरांचं करिअर वर चढतं. माझं खाली उतरत गेलं, आणि तेही शास्त्रशुद्ध क्रमाने: आधी तोंड, मग जठर, मग लहान आतडं आणि शेवटी मोठं आतडं. घास ज्या वाटेने जातो त्याच वाटेने मी गेलो. फरक एवढाच, की घासाला या प्रवासाला एक-दोन दिवस पुरतात आणि त्यासाठी त्याला प्रवेशपरीक्षा द्यावी लागत नाही.

खरं तर मला डॉक्टर व्हायचं होतं. म्हणजे घरच्या सगळ्यांना मी डॉक्टर व्हायला हवा होतो आणि माझी काही हरकत नव्हती. हरकत गुणपत्रिकेने घेतली. मग शेवटच्या फेरीत जिथे जागा शिल्लक होती तिथे, परभणीच्या अन्नतंत्र महाविद्यालयात, मी दाखल झालो. ही बातमी घरी, सांगलीत पोचेपर्यंत तिचं ‘पोरगं केटरिंगला गेलं’ असं झालं होतं. तेव्हापासून आजतागायत नात्यातल्या कुठल्याही लग्नात मी अक्षता टाकलेल्या नाहीत. मांडवात पाऊल टाकलं की कोणीतरी मावशी दंडाला धरून थेट भटारखान्यात नेते. “तू त्यातला आहेस, जरा आचाऱ्यावर लक्ष ठेव.” मी दूध किती अंशांवर किती वेळ तापवलं की त्यातले जंतू मरतात आणि केचप बाटलीतून किती वेगाने ओघळावं, याचं गणित शिकलो होतो. त्या गणिताने मसालेभात होत नाही. आचारी माझ्याकडे बघतो, मी आचाऱ्याकडे बघतो, आणि दोघंही एकमेकांचं गुपित राखून असतो.

पहिली नोकरी बिस्किटांच्या कारखान्यात लागली. काम काय, तर बिस्किटं खायची. हे ऐकून मित्रांच्या तोंडाला पाणी सुटायचं. माझ्या तोंडाला दुपारपर्यंत कसलीच चव उरायची नाही. एका अरुंद खणात बसवत आणि वर लाल दिवा लावत, म्हणजे रंगावरून कुणाला फरक कळू नये. समोर तीन बिस्किटं: दोन सारखी, एक वेगळं. वेगळं कुठलं ते ओळखायचं. नुसतं डोळे मिटून बोट ठेवलं तरी तिनांत एकदा बरोबर येतंच. त्या बळावर मी बराच काळ तज्ज्ञ म्हणून टिकलो.

आवडनिवड मोजायला आमच्याकडे नऊ अंकांची पट्टी होती. नऊ म्हणजे अतिशय आवडलं, पाच म्हणजे ना आवडलं ना नावडलं, एक म्हणजे बोलायलाच नको. सुट्टीत घरी गेलो तेव्हा आईने विचारलं, “वांगं कसं झालंय रे?” मी सवयीने म्हणालो, “सात.” सात म्हणजे ‘बऱ्यापैकी आवडलं’. कारखान्यात सात मिळालेलं बिस्कीट बाजारात जातं. “दहापैकी?” आईने विचारलं. “नाही, नवांपैकी.” ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी ताटात तेच वांगं होतं, आणि तिसऱ्या दिवशीही.

चहात बिस्कीट बुडवण्याचं भौतिकशास्त्र मांडल्याबद्दल लेन फिशर यांना १९९९ साली इग नोबेल मिळालं, हे मला त्याच कारखान्यात कळलं. आधी हसू आणणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला ते पारितोषिक देतात. माझ्या संशोधनाने त्यातला पहिला टप्पा केव्हाच ओलांडला आहे.

जठराची आणि लहान आतड्याची इयत्ता म्हैसूरला झाली. तिथली केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था १९५० साली सुरू झाली, आणि ती आहे चेलुवांबा महालात. आईने गावभर सांगितलं, पोरगा महालात शिकतो. महालात पोरगा काचेच्या भांड्यात अन्न पचवत होता. आधी लाळेतलं विकर, दोन मिनिटं. मग आम्ल आणि पेप्सिन, दोन तास. मग पित्त आणि स्वादुपिंडाचा रस, आणखी दोन तास. (या वेळा पुढे २०१४ मध्ये अनेक देशांतल्या शास्त्रज्ञांनी एकत्र बसून एकसारख्या ठरवल्या. जेवायला किती वेळ लागावा यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.) एकदा आईने पाठवलेली पुरणपोळीसुद्धा मी त्या काचेच्या पोटात ढकलली. तोंडात दोन मिनिटं पुरणपोळी धरून ठेवणं हे कुठल्याही जिवंत माणसाला जमणारं नाही, पण भांड्याला जमलं. चार तासांनी वर पिवळसर पाणी राहिलं आणि तळाशी डाळीचा न पचलेला चोथा. “तू पोळी खाल्लीस ना रे?” आईने फोनवर विचारलं. “पचली,” मी म्हणालो.

मार्गदर्शक त्या चोथ्याकडे बोट दाखवून म्हणाले, की खरी गंमत यात आहे, हा पुढे मोठ्या आतड्यात जातो. मी विचारलं, “पुढे त्याचं काय होतं?”

काही प्रश्न विचारू नयेत. हा प्रश्न मला आयर्लंडमध्ये कॉर्कला घेऊन गेला.

आतड्यातल्या जिवाणूंच्या अभ्यासासाठी कॉर्क नावाजलेलं आहे. तिथल्या विद्यापीठात २००३ पासून या विषयाचं मोठं केंद्र आहे. एकोणिसाव्या शतकात हेच शहर लोण्याच्या बाजारासाठी जगभर प्रसिद्ध होतं. या दोन गोष्टींचा संबंध मला नाकाने कळला. आपल्याला न पचलेला चोथा मोठ्या आतड्यातले जिवाणू फोडतात आणि त्यातून ब्युटिरिक आम्ल तयार करतात. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः त्यावरच जगतात, इतकं ते गुणाचं. पण हे आम्ल रसायनशास्त्रज्ञांना पहिल्यांदा सापडलं ते लोण्यात, आणि खवट लोण्याला जो वास येतो तो त्याचाच. ओकारीलाही त्याचाच. तो वास स्वेटरमध्ये शिरला की धुतल्याने जात नाही. कॉर्कची माणसं फार सभ्य. बसमध्ये माझ्या शेजारून उठताना ‘सॉरी’ म्हणत.

तिथे माझ्या स्वाधीन एक कृत्रिम मोठं आतडं होतं. तीन काचेची भांडी, ३७ अंशांवर तापवलेली, नळ्यांनी एकमेकांना जोडलेली. पहिल्यात आम्लता जास्त, पुढच्यांत कमी कमी, कारण खऱ्या आतड्यातही तसंच असतं. आतून नायट्रोजनचे बुडबुडे, म्हणजे ऑक्सिजनचा मागमूस नको. बियाणं म्हणून कुठल्या तरी स्वयंसेवकाची विष्ठा. अन्न म्हणून स्टार्च, पेक्टिन, गवारीचा डिंक आणि डुकराच्या जठरातला श्लेष्म. हे यंत्र आठवडेच्या आठवडे चालतं आणि त्याची भूक भागवणारा पंप मात्र मधूनच रुसतो. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी एकटाच प्रयोगशाळेत त्याला भरवत होतो. आईचा फोन आला, “जेवलास का रे?” “अजून नाही, याचं व्हायचंय.” “याचं म्हणजे? कोण आहे तिथे?” खोलीत कोणी नाही हे तिला पटवता पटवता हवा बाहेर सोडणारी गाळणी फेसाने चोंदली, दाब वाढला आणि दुसऱ्या भांड्याचं झाकण उडालं. आईला फोनवर फटाका ऐकू आला. तिला बरं वाटलं, तिथेही दिवाळी साजरी करतात म्हणून.

त्या प्रयोगशाळेत नव्या माणसाने आधी स्वतःचा नमुना द्यायचा अशी रीत होती. नावं गुप्त, फक्त आकडे. मग सगळ्यांसमोर पडद्यावर रंगीत पट्ट्या आल्या: कुणाच्या आतड्यात कुठले जिवाणू किती. सगळ्या पट्ट्या थोड्याफार सारख्या, बॅक्टेरॉइड्सच्या निळ्या रंगाने भरलेल्या. एकच पट्टी वरपासून खालपर्यंत केशरी. तो प्रिव्होटेला. धान्य, डाळी, भाज्या खाणाऱ्यांत तो माजलेला असतो आणि भारतीयांत तर फारच. खोलीतली सगळी डोकी सावकाश माझ्याकडे वळली. गुप्ततेचा नियम पाळून कोणी काही बोललं नाही.

परत येऊन मी पुण्याला स्थिरावलो आणि व्याख्यानं देऊ लागलो. तेव्हा आम्ही छाती ठोकून सांगायचो की शरीरात माणसाच्या पेशींच्या दहापट जिवाणू असतात. ‘आपण फक्त दहा टक्के माणूस आहोत’ हे माझं टाळ्यांचं वाक्य होतं. एका गणेशोत्सवात पहिल्या रांगेतल्या आजींनी ते ऐकून शेजारच्या आजोबांकडे असं काही पाहिलं, की त्यांना हा संशय जुनाच असावा. मग २०१६ साली सेंडर, फुक्स आणि मिलो या तिघांनी नीट हिशोब मांडला: जिवाणू सुमारे ३८ लाख कोटी, मानवी पेशी सुमारे ३० लाख कोटी, आणि त्या सगळ्या जिवाणूंचं वजन मिळून जेमतेम २०० ग्रॅम. दहापटीची सवापट झाली आणि माझ्या टाळ्या गेल्या. त्यांनी एक गोष्ट मात्र फार सुंदर नोंदवली आहे: दोन्ही बाजू इतक्या तुल्यबळ आहेत, की एकदा शौचाला जाऊन आलं तरी पारडं मानवी पेशींकडे झुकू शकतं. म्हणजे रोज सकाळी आपण थोड्या वेळासाठी बहुमतात येतो. संध्याकाळपर्यंत सरकार पडतं.

लग्नाच्या बाजारात या विद्येला फारसा भाव नव्हता. ‘मुलगा शास्त्रज्ञ’ इथपर्यंत सगळं सुरळीत चालायचं. ‘कशाचा?’ या प्रश्नावर आमचे काका खोकायचे. एका घरी मात्र मुलीच्या वडिलांचे डोळे चमकले. कांदेपोहे येण्याआधीच त्यांनी मला जिन्यात बोलावलं, दार ओढून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, “माझं तीन-तीन दिवस होत नाही. काय करू?” मी मनापासून सांगितलं: ज्वारीची भाकरी, पालेभाजी, सालासकट फळं, भरपूर पाणी, रोज चालणं. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. “हे तर आमचा फॅमिली डॉक्टरही सांगतो. आयर्लंडला जाऊन हेच शिकलात?” मी म्हणालो, तिकडे जाऊन हे का ते शिकलो. “का कळून माझं होणार आहे का?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. लग्न ठरलं ते मुलीच्या भिडस्तपणामुळे, असं ती सांगते.

सासऱ्यांना निदान उत्तर नको होतं, आराम हवा होता. बाकीच्यांना माझ्याकडून शिक्कामोर्तब हवं असतं. पंगतीत शेजारचा माणूस वाटी उचलून विचारतो, “कढी प्रोबायोटिक असते ना?” ताक असतं हो, ताकात जिवंत जिवाणू असतात, पण कढी उकळलेली, त्यातले केव्हाच गेले. इडली? पीठ फुगतं ते जिवाणूंमुळेच, मुख्यतः ल्युकोनॉस्टॉकच्या वायूने, पण वाफेवर वीस मिनिटं कोण जगतं? लोणचं? मीठ आणि तेल इतकं, की त्यात कोणाला फार संसार थाटता येत नाही. एवढं बोलेपर्यंत शेजाऱ्याने ताट घेऊन जागा बदललेली असते. आपल्या पूर्वजांना सगळं आधीच ठाऊक होतं असं म्हटलं असतं तर माझं मानाने पान वाढलं असतं. पूर्वजांना कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजवून आंबवायचे हे ठाऊक होतं, आणि त्यांनी ते ठाऊक असण्याबद्दल कधी व्याख्यानं दिली नाहीत. उलट टोकाला मेचनिकॉव. त्यांना रोगप्रतिकारशक्तीच्या कामासाठी १९०८ साली नोबेल मिळालं, आणि आंबट दुधाने म्हातारपण लांबणीवर पडतं असं मानून ते स्वतः नेमाने पीत. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी गेले. आमच्या आळीत ताकाचा तिटकारा असलेले नव्वदीचे गृहस्थ आहेत.

आता कोथरूडच्या काकांची गोष्ट, कारण माझ्या पदाची खरी उंची तिथे कळते.

पुण्यातल्या आमच्या जिवाणूंच्या प्रकल्पाला विष्ठेचे ताजे नमुने लागतात. आतड्यातले कित्येक जिवाणू असे आहेत, की त्यांना हवा लागली की संपलं. फिकॅलिबॅक्टेरियम नावाचा एक गुणी जिवाणू तर काही मिनिटांचाच सोबती. म्हणून नमुना मिळाल्याबरोबर ऑक्सिजन शोषणारी पुडी घातलेल्या पिशवीत बंद करायचा आणि थंड पेटीतून धावतपळत प्रयोगशाळेत आणायचा. धावणारा माणूस त्या दिवशी रजेवर होता. नमुना देणारे काका निवृत्त बँक मॅनेजर. फोनवर म्हणाले होते, “माझं चाळीस वर्षं सहा चाळीसला आहे. तुम्ही सहा पंचवीसला या.”

मी पाठीवर चौकोनी पेटी लावून गेटवर पोचलो. वॉचमनने वही पुढे केली. “डिलिव्हरी?”

“नाही. न्यायला आलोय.”

त्याने ‘पिकअप’ असं लिहिलं आणि लिफ्ट डिलिव्हरीवाल्यांसाठी नाही म्हणून जिना दाखवला.

चौथ्या मजल्यावर काका आंघोळ सोडून बाकी सगळी तयारी करून सोफ्यावर बसले होते. सहा चाळीस झाले. पावणेसात झाले. काका आत गेले, बाहेर आले, मान हलवली. काकूंनी त्यांना गरम पाणी दिलं, मला चहा दिला. काका गॅलरीत फेऱ्या मारू लागले. मी पेपर उघडून तोंडासमोर धरला, कारण परक्या माणसाच्या पोटाची वाट बघताना चेहऱ्यावर नेमका कुठला भाव ठेवायचा हे कुठल्याच अभ्यासक्रमात नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या बाई विरजण मागायला आल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. काकू पटकन म्हणाल्या, “ह्यांच्या बँकेतले आहेत. काहीतरी जमा करायचं राहिलंय.”

सव्वासातला काकू माझ्याजवळ येऊन कुजबुजल्या, “तुम्ही जरा जिन्यात उभे राहता का? कोणी ताटकळत असलं की त्यांना दडपण येतं. ऑडिटच्या दिवशीही असंच व्हायचं.” मी जिन्यात उभा राहिलो. माझ्या आयुष्यातल्या महत्त्वाच्या घडामोडी जिन्यातच होतात. साडेसातच्या सुमाराला दार उघडलं. काकांनी डबी दोन्ही हातांनी पुढे केली, आणि मीही नकळत दोन्ही हातांनीच घेतली.

मी ती पुडीच्या पिशवीत घातली, पेटीत ठेवली, कड्या लावल्या. तोवर काकूंनी स्टीलचा दुसरा डबा हातात दिला. “सांजा आहे. उपाशी आलात.” इथे वाचक ज्या घोटाळ्याची वाट बघत आहेत तो झाला नाही. सांजा मी स्कूटरच्या हुकाला वेगळा अडकवला आणि मनातल्या मनात चारदा तपासून पाहिला.

नळस्टॉपच्या सिग्नलला शेजारी एक डिलिव्हरीवाला थांबला. त्याने माझ्या पेटीकडे पाहिलं. “दादा, तुमची कंपनी ऑर्डरमागे किती देते?”

“महिन्याचा पगार आहे.”

“नशीब काढलं राव,” तो म्हणाला. “जागा असली तर सांगा.” सिग्नल सुटला म्हणून बरं, नाहीतर मी त्याचा नंबर घेतला असता. प्रकल्पाला धावणारा माणूस हवाच होता.

प्रयोगशाळेत पोचून फॉर्म भरताना काकांना फोन लावला. गेल्या महिन्यात प्रतिजैविकं? नाही. पोटाचं काही औषध? “छे छे, औषध नाही.” मग क्षणभर थांबून, “काल रात्री एरंडेल घेतलं फक्त. तुम्ही एवढ्या लांबून येणार, रिकाम्या हाताने कसं पाठवायचं?”

रेचक घेतलेलं असलं की नमुना बाद. आतड्यातून सगळं भसाभसा वाहून जातं आणि कोण किती होतं याचा हिशोबच लागत नाही. पेटीतलं सगळं नियमाप्रमाणे नष्ट केलं. काकांना हे कसं सांगायचं ते कळेना, म्हणून मी दुसरं सुचवलं: पुढच्या वेळी घाई नको, तुमच्या वेळेनेच होऊ द्या, आणि तोवर ही तक्त्याप्रमाणे नोंद ठेवा. तक्ता म्हणजे ब्रिस्टल तक्ता. ब्रिस्टलच्या लुइस आणि हीटन यांनी तो १९९७ साली तपासून मांडला. त्यात मानवी विष्ठेचे सात प्रकार चित्रांसह दिले आहेत. एक म्हणजे सुट्ट्या कडक गोळ्या, सात म्हणजे नुसतं पाणी; तीन आणि चार उत्तम.

मॅनेजर माणूस, नोंद ठेवायला सांगितली म्हटल्यावर खुलले. तक्त्याची रंगीत प्रत काढून लॅमिनेट केली. पंधरवड्यात ती बागेतल्या हास्यक्लबात गेली. आता तिथे सकाळी ‘काय म्हणता?’ असं कोणी विचारत नाही, ‘किती?’ असं विचारतात. मला त्यांच्या गटात तज्ज्ञ म्हणून घेतलं आहे. रोज साडेसातच्या आत माझ्या फोनवर दहा-बारा आकडे येतात आणि प्रत्येकाला मी अंगठा दाखवावा अशी अपेक्षा असते. एखाद्या दिवशी उशीर झाला तर फोन येतो, “सर, माझा पाच बघितलात ना?” माझ्या शोधनिबंधांकडे इतकी माणसं इतक्या नेमाने कधी वळली नव्हती.

काकांचा संदेश मात्र सगळ्यांत आधी येतो, सगळ्या घराचा मिळून. आजचा आला तो असा: “मी ४. सौ. ३. चि. अजून आत आहे.”